बठ्ठा की गठ्ठा

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी खुशाल दुरुस्त कराव्यात. आकड्यांना मात्र कोणी हात लावू नये. ते मी स्वतः मोजलेले आहेत, दोनदा.

शिक्षण चौथी पास. पाचवीत सहा महिने बसलो होतो, पण ते धरत नाही. माझं गाव एरंडोल तालुक्यात. जळगावच्या एका सर्वेक्षण करणाऱ्या ऑफिसात मी जीपचा ड्रायव्हर म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. हे कसं झालं असं लोक विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमची पदवीधर मुलं फॉर्म घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "आपल्या कुटुंबाचा पेयजलाचा प्रमुख स्रोत कोणता?" आतून आवाज यायचा, "घरमा कोनी नही शे." बाई आत, आवाज आतला, आणि म्हणे घरात कोणी नाही. मी जीपमध्ये बसून हे ऐकायचो. एक दिवस खाली उतरलो आणि विचारलं, "अक्का, पानी कथाईन लयतस?" अक्कानं विहीर सांगितली, तिचं अंतर सांगितलं, दोर कोणाचा ते सांगितलं आणि सासू येताना किती पाणी सांडते तेही सांगितलं. त्या दिवसापासून मुलं जीपमध्ये बसायला लागली आणि मी दारात जायला लागलो.

पण आमचा धंदा नुसता विचारण्याचा आहे असं कोणी समजू नये. विचारून झालं की मोजायचं असतं, आणि मोजताना माणसं फसतात ती एकाच शब्दाला. तो शब्द म्हणजे 'पैकी'. शंभरपैकी सत्तर, असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा सत्तरकडे बघतच नाही. शंभर कोण, ते विचारतो.

ही सवय मला केळीनं लावली. जीपच्या आधी मी यावलकडे केळीच्या भरणीवर होतो. घड उचलायचे, गाडीत लावायचे. एक दिवस मुकादम म्हणाला, "आज जितके घड नापास झाले त्यातले निम्मे नारायणच्या बागेतले आहेत. उद्यापासून त्याचा माल बंद." आता नारायणची बागच एवढी मोठी की गाडीतला पाऊण माल त्याचाच. मी म्हणालो, "मुकादम, नापासांत त्याचे किती ते नका बघू. त्याच्यांत नापास किती ते बघा." मुकादमानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू घड उचल."

मी उचलला. पण शब्दांची ती उलटापालट डोक्यात राहिली. नापासांत त्याचे किती, आणि त्याच्यांत नापास किती. ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात, पण एकमेकांची ओळखही नाही.

ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता तेव्हा मोजणी सतरंजीवर व्हायची. मला टक्क्याचं गणित येत नव्हतं, मग मी माझी रीत काढली. सगळे फॉर्म आणायचे. ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे त्यांचे आधी वेगळे गठ्ठे लावायचे: बायकांचा एक, पुरुषांचा एक, किंवा ह्या गावाचा एक, त्या गावाचा एक. मग एकच गठ्ठा मांडीवर घ्यायचा आणि त्यातले 'हो' वेगळे काढायचे. त्या गठ्ठ्यात 'हो' किती, ते त्याच गठ्ठ्याच्या उंचीशी ताडायचं. दुसऱ्या गठ्ठ्याकडे बघायचं नाही आणि सगळ्यांच्या बेरजेकडे तर मुळीच नाही. आमच्या अहिराणीत 'सगळं'ला 'बठ्ठा' म्हणतात. मी नव्या मुलांना सांगायचो, "बठ्ठा बाजूला ठेवा, गठ्ठा हातात घ्या." आमचे मालक वाणी साहेब हसायचे. ते म्हणायचे, "सुपडू, ह्याला कॉलेजात मोठं नाव आहे." मी म्हणायचो, "असेल. आमच्याकडे गठ्ठा म्हणतात."

ह्या रीतीवर पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते नशिराबादचं. युसुफ शेठ, मसाल्याचे व्यापारी, मला आबा म्हणायचे. त्यांना मसाल्याची पाकिटं नवी छापायची होती, लाल की हिरवी एवढंच ठरत नव्हतं. आम्ही शंभर माणसांना दोन्ही रंगांची पाकिटं दाखवली. पन्नास जणांनी लाल उचललं, पन्नास जणांनी हिरवं. शेठनी लाल उचलणारे फॉर्म स्वतः मोजले आणि खुर्चीतून उठले.

"आबा, लाल उचलनेवाले पचास, त्यात चालीस औरतां. पाचात चार. बायकांना लाल पाहिजे. मी लाल पाकिटावर बाईचा फोटो टाकतो."

"शेठ, बसा. बायका किती विचारल्या होत्या?"

"मला काय माहीत. तुम्ही विचारलं."

"ऐंशी. आमची पोरं भर दुपारी घरोघर गेली होती. दुपारी घरात कोण असतं?"

शेठ बसले. मी बायकांच्या ऐंशी फॉर्मचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. लाल चाळीस, हिरवे चाळीस. मग पुरुषांचा वीस फॉर्मचा गठ्ठा ठेवला. लाल दहा, हिरवे दहा. शेठ दोन्ही गठ्ठ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"मतलब, बायकांत आधे आणि मर्दांतही आधे."

"हो."

"मग रंगाचं काय?"

"रंगाचं काहीच नाही, शेठ. आम्ही बायका जास्त विचारल्या म्हणून लालमध्ये बायका जास्त निघाल्या. हिरव्यातही पन्नासात चाळीस बायकाच आहेत, ते तुम्ही मोजलं नाही. दोन्ही रंग सारखे. मसाला कसा आहे ते विचारा."

शेठ आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी माणूस पाठवून मसाल्याच्या चवीचा फॉर्म बनवायला सांगितलं. आणि पाकीट काढलं पिवळं, माझ्यावर राग म्हणून. ते चाललंही चांगलं, ही गोष्ट वेगळी.

सगळंच असं हसण्यावारी गेलेलं नाही. धुळ्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

धुळ्यात एका संस्थेचे शिवणकामाचे वर्ग होते, चार वस्त्यांत चार. एका मोहल्ल्यातला वर्ग नसीम आपा चालवायच्या. त्यांचे मिस्टर लुंग्या विणायचे, त्या घरातल्या पुढच्या खोलीत चार मशिनी मांडून शिकवायच्या. संस्थेनं आमच्याकडून सर्वेक्षण करून घेतलं. रिपोर्ट एका पदवीधरानं लिहिला: शिकून गेलेल्या बायकांत नसीम आपांच्या मोहल्ल्यातल्या सर्वांत कमी, सबब तो वर्ग बंद करावा. मी सतरंजीवर गठ्ठे लावले होते. मला दिसलं होतं की तो मोहल्लाच चिमुकला आहे, घरंच मोजकी. आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली एक बाई शिकून गेलेली आहे. बाकी तीन वस्त्या मोठ्या, तिथे दहा घरांत एखादीच. मला दिसलं आणि मी बोललो नाही. तेव्हा नवीन होतो. चौथीच्या माणसानं बी.एस्सी.च्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं. वर्ग बंद झाला.

मशिनी न्यायला टेम्पो आला तेव्हा मीच गाडी घेऊन गेलो होतो. नसीम आपा दारात उभ्या होत्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आप तो गिने थे ना?"

ते वाक्य माझ्यासोबत पुढची सगळी वर्षं जीपमध्ये बसलं. त्यानंतर मी हट्टी झालो. आधी थोडा होतोच.

आता यावलच्या वरच्या अंगाची गोष्ट. ही मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षाची, म्हणजे अलीकडची. तोवर आमच्याकडे कागदी फॉर्म गेले आणि हातात टॅब आले. सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली. मोजणीला पुण्याहून केतकी मॅडम आल्या, आकडेशास्त्र शिकलेल्या, वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला आबा म्हणायच्या. हुशार बाई. गर्व नाही. खिशात एक लहान डायरी, त्यात आमच्याकडचे शब्द लिहून ठेवायच्या. आल्या त्या आठवड्यात विचारलं, "आबा, बठ्ठा म्हणजे टोटल ना?"

"टोटलच म्हणा."

त्यांनी लिहून घेतलं. हा शब्द पुढे काय करणार आहे हे मला कळलं असतं तर डायरीच लपवली असती.

जळगावची एक संस्था सातपुड्याच्या पायथ्याशी फिरता दवाखाना चालवायची. एक मोठी गाडी, त्यात डॉक्टर, नर्स, औषधं. मंगळवारी ती खालच्या गावात थांबायची. तिथे आठवडी बाजार भरतो, औषधाची दोन दुकानं आहेत, यावलला जायला बस आहे. गुरुवारी ती वरच्या पाड्यावर जायची. तिथे रस्ता संपतो आणि जंगल सुरू होतं. पाड्यावरची माणसं पावसाच्या भरवशावरची शेती करतात, डिंक-मोह गोळा करतात, केळीच्या बागांत मजुरीला खाली येतात. संस्थेला विचार करायचा होता की दोन्ही ठिकाणी गाडी ठेवायची की नाही. त्यासाठी आम्ही चारशे घरं विचारली. खालच्या गावातली तीनशे साठ, पाड्यावरची चाळीस. पाड्यावर आहेतच चाळीस.

पाडा मी स्वतः केला. तिथे सायराबाई तडवी भेटली. तिचं माहेर चोपड्याकडचं, म्हणून तिची-माझी बोली जुळली. तिची मुलगी रुबिना, दहा वर्षांची, तिला फिट येतात. गाडी दर गुरुवारी सात दिवसांच्या गोळ्या देते, त्यावर ती पोर शाळेत जाते. आदल्या वर्षी गाडी बिघडून दोन गुरुवार आली नव्हती, तेव्हा पोर चुलीपाशी पडली. कोपरापासून मनगटापर्यंतचा डाग तिनं मला बाही वर करून दाखवला, जसं पोरं नवी बांगडी दाखवतात.

माहिती गोळा झाली. खालच्या गावातली एकशे आठ घरं गाडीकडे येतात. पाड्यावरची छत्तीस. हे माझ्या तोंडपाठ. मोजणी मॅडमकडे देऊन मी दुसऱ्या कामावर धुळ्याला गेलो. तिथे बसस्टँडवर उभा असताना त्यांचा फोन आला. मागे शिरपूरची बस लागत होती, कंडक्टर ओरडत होता, पेरूवाला ओरडत होता.

"आबा, पाड्याचे छत्तीस आहेत ना, ते कशाने भागू? कॉम्प्युटरमध्ये तीन पर्याय येतात. संस्थेला कुठला लागतो?"

मी ओरडून सांगितलं, "गठ्ठ्यानं भागा. नेहमी गठ्ठ्यानंच."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी ऐकलं बठ्ठ्यानं. आवाज तसाच, डायरीत अर्थही लिहिलेला, वर आबानं 'नेहमी' म्हटलेलं. शिकलेल्या बाईनं चौथीच्या माणसावर विश्वास ठेवला आणि छत्तीसला चारशेनं भागलं.

हे मला महिन्यानं कळलं. आमच्या धंद्यात दहातलं एक घर पुन्हा जाऊन तपासायचं असतं, भरलेलं खरं आहे की मुलांनी झाडाखाली बसून भरलंय ते बघायला. मी स्वतः भरलेली घरंही तपासतो. स्वतःला सूट देत नाही. पाड्यावर गेलो तर सायराबाई बाहेरच उभी. आज पाणीसुद्धा विचारलं नाही.

"भाऊ, तुम्हीन काय लिखीसन लई गयात?"

"काय झालं?"

तिनं सांगितलं. गाडीचा ड्रायव्हर बोलला होता की नव्या महिन्यापासून गुरुवार बंद. गाडी दोन्ही दिवस खालच्या गावातच थांबणार. पाड्यावरची शंभरात नऊच घरं येतात, असं कागदावर लिहून आलंय.

"नऊ?" मी म्हणालो. "अक्का, चाळीस घरांतली छत्तीस येतात. मी मोजलीत."

"मंग नऊ कोनी लिखं?"

मी मनात भागाकार करत होतो. छत्तीस, चारशे. नऊ. बरोबर येत होतं. आकडा बरोबर होता, हीच तर आफत.

निघताना मी तिला टक्का समजावून सांगायला लागलो, स्वतःचीच सोडवणूक म्हणा. तिनं मला थांबवलं. "माले टक्का समजस नही, भाऊ. मन्हा घरमा एकच आंडेर शे. एक मजारली एक." आंडेर म्हणजे मुलगी. एकातली एक. तिनं गठ्ठा बरोबर धरला होता.

महिना संपायला अकरा दिवस होते. म्हणजे हातात एक गुरुवार, फार तर दुसरा.

ऑफिसात आलो. मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी डायरी काढली. तारखेसकट लिहिलेलं: 'आबा म्हणाले, बठ्ठ्याने भागा.' मी म्हणालो, "मी गठ्ठ्याने म्हणालो होतो." मग त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "मी शिकलेय हे. मी विचारायलाच नको होतं. मला कळायला हवं होतं."

"विचारलं ते बरोबर केलं," मी म्हणालो. "मी बसस्टँडवरून सांगितलं, ते चुकलं."

वाणी साहेबांना हे आवडलं नाही. माणूस वाईट नाही, पण रिपोर्ट देऊन झालेला, संस्थेनं वाखाणलेला. "सुपडू, आता जाऊन चुकलो म्हणालास तर पुढचं काम देतील का? आणि चुकलंय तरी काय? छत्तीस भागिले चारशे नऊच येतात."

"येतात."

"मग?"

"साहेब, धुळ्याला पण असंच आलं होतं."

त्यांना धुळं आठवत होतं. ते म्हणाले, "जा. पण मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही."

मी मॅडमना सांगितलं की मला चारशे फॉर्म कागदावर हवेत. त्या म्हणाल्या, आबा, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, मी पडद्यावर दाखवते, चित्र काढून दाखवते. मी म्हणालो, चित्र बघून माणूस मान हलवतो. मला मान हलवायला नको, हात हलवायला हवा. त्यांनी पानाला चार अशा चिठ्ठ्या छापून दिल्या. एका चिठ्ठीवर एक घर: कुठलं, गाडीकडे येता का, गाडी नसेल तर कुठे जाता. मी कात्रीनं कापल्या, मोजल्या, केळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या. मॅडम म्हणाल्या, मीही येते. मी नको म्हणालो. त्या तरी आल्या. हट्टी माणूस मी एकटाच नाही, हे तेव्हा कळलं.

संस्थेच्या ऑफिसात काचेचं टेबल. अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टर, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे. बाजूला हिशेब बघणारे एक विश्वस्त बसले होते, जाड चष्म्याचे. मी खोका टेबलावर ठेवला.

चष्मेवाले म्हणाले, "केळी आणली का?"

"घरं आणलीत, साहेब. चारशे."

डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट काढला. "आबा, ह्यात लिहिलंय पाड्याचे नऊ टक्के, खालच्या गावाचे सत्तावीस. हा आकडा खोटा आहे का?"

"आकडा खरा आहे. पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे."

मॅडम उठून म्हणाल्या, "सर, चूक माझी आहे."

"खाली बसा," मी म्हणालो. "चूक धुळ्याच्या बसस्टँडची आहे, ते मागाहून सांगू. साहेब, तुम्ही एक काम करा. ह्यातल्या पाड्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा."

"मी?"

"तुम्हीच. मी काढल्या तर तुम्ही माझ्या हाताकडे बघाल."

डॉक्टरसाहेब हसले, पण बाह्या वर केल्या. चष्मेवाल्यांनाही कामाला लावलं. चारशे चिठ्ठ्या निवडायला वेळ लागला, चहा येऊन थंड झाला. शेवटी एका बाजूला तीनशे साठचा ढीग, एका बाजूला चाळीस चिठ्ठ्या, हाताच्या मुठीत मावतील एवढ्या.

"आता मोठा ढीग विसरा," मी म्हणालो. "ही चाळीस घरं म्हणजे तुमचं जग. ह्यातले 'येतो' म्हणणारे काढा."

डॉक्टरसाहेब एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवत गेले. येतो. येतो. येतो. येतो. दहापर्यंत भरभर ठेवल्या, विसाला वेग कमी झाला, तिसानंतर ते माझ्याकडे बघायला लागले. छत्तीस ठेवल्या. हातात चार उरल्या.

"ह्या चार?"

"तीन घरं उसतोडीला बाहेर गेलेली, शेजाऱ्यांनी सांगितलं. चौथ्या घरात एक म्हातारा आहे, तो म्हणाला मला काही झालंच नाही कधी."

चष्मेवाले हसले. मग पटकन सरळ बसले. तो माणूस हुशार होता, हे लिहिलं पाहिजे. म्हणाले, "पण आबा, छत्तीस ते छत्तीसच. खालच्या गावात एकशे आठ घरं येतात. तिप्पट. गर्दी तिकडे आहे."

"गर्दी आहे. आता तो ढीग घ्या. तीनशे साठात एकशे आठ. शंभराला तीस. शंभरातली सत्तर घरं गाडी दारात उभी असून येत नाहीत. त्यांना दुसरं काहीतरी आहे. आता चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. आधी ह्यातल्या."

गाडी नसेल तर कुठे जाता. खालच्या गावाच्या चिठ्ठ्यांवर: यावलला. मेडिकलमधून गोळी. गावातले डॉक्टर. यावलला. मग डॉक्टरसाहेबांनी पाड्याच्या छत्तीस उचलल्या आणि मोठ्यानं वाचायला लागले. "कुठेच नाही. कुठेच नाही. भगताकडे. कुठेच नाही. कुठेच नाही." पाचव्या चिठ्ठीनंतर त्यांनी मोठ्यानं वाचणं थांबवलं, पण वाचत शेवटपर्यंत गेले.

"हे छत्तीस," ते म्हणाले, "म्हणजे नक्की किती टक्के?"

"चारशेत पाहिले तर शंभराला नऊ. गाडीकडे येणारी सगळी एकशे चव्वेचाळीस घरं धरली तर त्यांत शंभराला पंचवीस. पाड्याच्या चाळिसांत पाहिले तर शंभराला नव्वद. छत्तीस तेच."

"आणि खरं कुठलं?"

"तिन्ही. तुम्हाला ठरवायचंय काय त्यावर आहे. औषधाच्या चार पेट्यांतली पाड्याला किती न्यायची हे ठरवायचं असेल तर पंचवीस घ्या, एक पेटी. पाड्याला गाडी लागते की नाही हे ठरवायचं असेल तर नव्वद घ्या."

"आणि नऊ कशासाठी?"

"बेरीज जुळते का बघायला. त्यापलीकडे नऊचा उपयोग मला अजून सापडलेला नाही."

डॉक्टरसाहेब उठले नाहीत, भाषणही केलं नाही. रिपोर्टवरचा नऊ त्यांनी पेनानं खोडला, वर नव्वद लिहिलं, खाली सही केली आणि मॅडमना म्हणाले, "सुधारित प्रत पाठवा. गुरुवार चालू राहील." मग माझ्याकडे वळून, "आता ते बसस्टँडचं सांगा."

मी गठ्ठा आणि बठ्ठा सांगितलं. चष्मेवाले इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते मूळचे नाशिकचे. घरी जाताना दोनदा विचारून गेले, बठ्ठा म्हणजे सगळं ना, आणि गठ्ठा म्हणजे गठ्ठाच ना.

खाली उतरून मी वाणी साहेबांना फोन केला. उचलणार नाही म्हणाले होते. पहिल्याच रिंगला उचलला. पुढच्या वर्षीचं काम त्या संस्थेनं आम्हालाच दिलं, आणि अट घातली की आबा निवृत्त झाला तरी निवडलेल्या चिठ्ठ्या टेबलावर आल्या पाहिजेत. आमच्या कॉम्प्युटरमध्ये मॅडमनी एक नवा रकाना केलाय. टक्का लिहायच्या आधी तो भरल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. रकान्याचं नाव: 'कोणता गठ्ठा'. पुण्याच्या त्यांच्या सरांनी विचारलं म्हणे, हा कुठला पारिभाषिक शब्द. मॅडमनी सांगितलं, एरंडोलचा.

नंतर मुद्दाम धुळ्याला गेलो. नसीम आपांनी आता घरातच दोन मशिनींवर शिकवणं सुरू केलंय, कोणत्याही संस्थेशिवाय. मी पाड्याची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "देर से बोले, भाऊ. पर बोले." मग चहा टाकला. एवढ्या वर्षांनी तो चहा घशाखाली नीट उतरला.

निवृत्तीच्या आधीचं माझं शेवटचं काम म्हणजे त्याच पाड्याची फेरतपासणी. सायराबाईच्या ओट्यावर बसलो. रुबिना शाळेतून यायची होती. मी टॅब उघडला. पहिला प्रश्न: गेल्या वर्षभरात किती गुरुवार गाडी आली. पर्याय होते: एकही नाही, काही, बहुतेक, सर्व.

मी पर्याय वाचून दाखवले नाहीत. तसंच विचारलं, "अक्का, कितला गुरवार उनी गाडी?"

सायराबाईनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बठ्ठा."

मी 'सर्व'वर बोट ठेवलं. ह्या एका जागी बठ्ठा बरोबर होता.